दप्तरं सांभाळणारा मुलगा

मी शिकलो त्या शाळेत पीटीचा तास लागला की आमच्या वर्गातला एक पारधी मुलगा लिंबाखाली जाऊन बसायचा. पोलिओनं त्याचा एक पाय बारीक राहिला होता. "तू दप्तरं सांभाळ," असं त्याला एकदा सांगितलं गेलं, ते कायमचंच. आम्हालाही ते सोयीचं होतं. मी तर माझं घड्याळही त्याच्याकडे देऊन खेळायला पळायचो.

आता पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. तिथंही दिव्यांगांना अ‍ॅप वापरता यावं म्हणून करायचे बदल दर वेळी 'पुढच्या रिलीज'ला ढकलले जातात. सवय जुनीच.

ईदला खर्ड्याला गेलो, तेव्हा गावाबाहेरच्या पालांवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी पाहिली. सेरेब्रल पाल्सी. दिवसभर बाजेवर. आई मायेनं सगळं करते, पण "तिला कशाला हलवून त्रास द्यायचा?" म्हणते. खरं तर न हलवल्यानंच त्रास वाढतो. ताठरलेले स्नायू रोज ताणले नाहीत तर आखडत जातात, सांधे धरतात, आणि पुढं कपडे बदलणंही अवघड होतं.

पारधी समाजावर 1871 च्या कायद्यानं गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 मध्ये तो कागदावरून पुसला, गावाच्या नजरेतून नाही. धावणाऱ्या पारधी पोराकडे आपण संशयानं बघतो. न धावू शकणाऱ्याकडे बघतच नाही.

पेन्शनसाठी आधार हवं, दिव्यांग प्रमाणपत्र हवं. पालावर निम्मी लढाई कागदांचीच असते. व्यायामाला मात्र कुठलाच दाखला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये दिव्यांग मुलांसाठीही दिवसाला सरासरी 60 मिनिटांच्या हालचालीची शिफारस केली, आणि मुलाच्या कुवतीप्रमाणे केली तर तिच्यात मोठा धोका नाही, असंही सांगितलं. बाजेचा कठडा धरून उभं राहणं, टाच हळूहळू ताणणं, अंध मुलासाठी घुंगरू बांधलेला चेंडू. फिजिओथेरपिस्टनं त्या मुलाला तपासून एकदा नीट दाखवून द्यावं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा बघावं. रोजचं घरच्यांनी करावं.

"घरच्यांना कसं जमणार?" असं विचारणाऱ्यांनी जामखेडकडे बघावं. आपलाच तालुका. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून तिथं फारसं न शिकलेल्या बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केलं. त्या बाळंतपणं सांभाळू लागल्या. त्यांना जे जमलं, त्यापुढं टाच ताणणं म्हणजे काय!

अडचण वेगळी आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पोरं सोबत जातात, आणि पाच-सहा महिने सगळं थांबतं. म्हणून शिबिर, व्हीलचेअर, फोटो यापेक्षा मला चित्रांचं एक कार्ड महत्त्वाचं वाटतं, कोपीवरही दोरीला अडकवता येईल असं. वाचायला न येणाऱ्या आजीला किंवा थोरल्या बहिणीलाही समजेल असं. ते बनवायला मी तयार आहे. टोळ्या निघायच्या आत, खर्ड्याच्या पालांवर दोन दिवस बसून आयांना ते व्यायाम दाखवील असा फिजिओथेरपिस्ट मला हवा आहे. येण्या-जाण्याचा खर्च माझा.