पाऊस ओसरला, मोबाइल निघाले: धबधब्याचा फोटो किती खरा, किती जीवावरचा?

वाळूज : नवरात्र ते दिवाळी हा काळ शिवारात सोयाबीन काढणीचा आणि कापूस वेचणीचा. याच दिवसांत इथल्या पोरांच्या दुचाक्या वेरूळ, म्हैसमाळ, पितळखोऱ्याकडे वळतात. कारण एकच, धबधब्याचा फोटो. जुलै-ऑगस्टमधलं गढूळ पाणी आता निवळलेलं असतं, धुकं हटलेलं असतं आणि डोंगर अजून हिरवा असतो. पाऊस थांबला तरी धार लगेच तुटत नाही. आपल्याकडचा काळा पाषाण थराथरांचा आहे. वरच्या पठारात मुरलेलं पाणी या थरांमधून काही आठवडे पाझरत राहतं. कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर झिजतो आणि पायऱ्या तयार होतात. अजिंठ्याला वाघूर नदी सात कुंडांतून उड्या मारत उतरते, ते यामुळेच. वेरूळला 29 नंबरच्या लेणीजवळची धार तर लेणी आणि पाणी एकाच चौकटीत देते.

फोटो कसा काढायचा, हे आता गावागावात ठाऊक झालंय. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवायचं, आयएसओ कमीत कमी, मोबाइल दगडावर किंवा स्टँडवर घट्ट टेकवायचा आणि टायमर लावायचा. पाणी रेशमासारखं दिसतं. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी हे जमत नाही, फोटो पांढराफटक होतो. ऊन दरीत उतरायच्या आत, सकाळीच काम उरकावं लागतं.

पण याच रेशमी फोटोत खरी गोम आहे. अर्ध्या सेकंदाच्या फोटोत बारीक धारसुद्धा भरगच्च दिसते. त्यात जुलैमधला व्हिडिओ ऑक्टोबरमध्ये 'आजचा नजारा' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतो. लोक लेकराबाळांना घेऊन पेट्रोल जाळत जातात आणि कोरडा कातळ बघून परततात. हे एक वेळ चालेल. उलटं झालं तर मात्र महागात पडतं. परतीचा पाऊस वर डोंगरात कोसळतो, खाली आभाळ मोकळं असतं, आणि ओढ्यात उभ्या माणसाला पाणी वाढल्याचं कळेपर्यंत उशीर होतो. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, ते असेच अचानक वाढलेल्या पाण्यात. आपल्या जिल्ह्यात जुलै 2023 मध्ये अजिंठ्याच्या सप्तकुंडात सेल्फी घेताना एक तरुण खाली पडला. नशीब बलवत्तर म्हणून त्याला दोरीनं बाहेर काढता आलं.

या घटना ऐन पावसाळ्यातल्या आहेत, म्हणून शरदात धोका नाही असं समजणं चूक. उलट बंदोबस्त आणि बंदी आदेश बहुतेक पावसाळ्यापुरतेच असतात. ऑक्टोबरमध्ये पोलिस नसतो, दगडावरचं शेवाळ मात्र तसंच असतं. रेशमी फोटोसाठी पाण्याच्या मधोमध जायची गरजच नाही. काठावरून झूम न करता काढलेला फोटो जास्त स्वच्छ येतो, कारण साध्या मोबाइलचं झूम म्हणजे चित्र ताणणंच.

आता खुद्द वाळूजचं पाहू. इथून वाहणारी खाम जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, शहराचं सांडपाणी पोटात घेते आणि पुढे नाथसागराला मिळते. त्याच नाथसागराचं पाणी शहर पितं. सांडपाण्यातल्या साबणामुळे बंधाऱ्यावरून पडताना पाण्याला फेस येतो. रेशमी पद्धतीनं काढला तर हा फेसही दुधाच्या धारेसारखा दिसतो, लाइक मिळतात, आणि काठावरच्या विहिरीवाल्याची तक्रार त्या सुंदर चित्रात बुडून जाते. शहरात गेल्या काही वर्षांत खामच्या पात्राची साफसफाई झाली, त्या कामाचं जगभर कौतुकही झालं. खालच्या गावांना मात्र त्यांच्या वाट्याचं पाणी कसं येतं, ते दाखवावंच लागणार. ते दाखवायचं तर शटर उलट करायचं, म्हणजे अगदी वेगवान. फेसाचा एकेक बुडबुडा, पाण्याचा रंग, काठावरचा गाळ स्पष्ट आला पाहिजे.

ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्यांना लोकेशनसह फोटो काढायची सवय झालीच आहे. तीच इथे कामाला येते. लोकेशन चालू ठेवून, फिल्टर न लावता, एकाच जागेवरून दर आठवड्याला एक फोटो काढला, तर दिवाळीपर्यंत पाण्याची आख्खी नोंद हातात येते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की आतली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा आणि मूळ प्रत मोबाइलमध्ये जपावी. ग्रामपंचायतीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या शहरातल्या कार्यालयात लेखी अर्जासोबत तो जोडता येतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला तेवढं विसरू नये.