केसपेपर मोठ्याने वाचून घ्या

मागच्या पिढीत दवाखान्यातून आले की घरी पहिला प्रश्न असे, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ आता त्याच्या जोडीला एक तक्रार ऐकू येते. ‘डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलंच नाही, सारा वेळ त्या पडद्याकडे बघत होते.’ तक्रार खरी आहे. पण तिच्या मागे काय आहे ते समजून घेतले तर आपला फायदा आहे, म्हणून आज या विषयावर चार शब्द.

कल्याणच्या पुढे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे आता एकमेकांना चिकटल्यासारखीच झाली आहेत. उल्हासनगर १९४९ साली फाळणीतल्या निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. तिथल्या कॅम्प नंबर ३ मधले मध्यवर्ती रुग्णालय मात्र नुसते शहराचे नाही. मुरबाड, शहापूर, कर्जतकडची माणसेही तिथेच धाव घेतात. भातखाचरात पायाला साप डसला, फवारणी करताना औषध अंगावर आले, बाळंतीण अडली, की आधी गावचे आरोग्य केंद्र, मग बदलापूरचे सरकारी रुग्णालय किंवा अंबरनाथचे छाया रुग्णालय, तिथून उल्हासनगर, आणि तिथेही निभले नाही तर ठाणे किंवा मुंबई. म्हणजे आपला रोगी दोन-तीन हातांतून जातो. प्रत्येक हाताला मागच्या हाताने काय केले हे कळले पाहिजे. ते सांगणारा एकच साक्षीदार, तो म्हणजे केसपेपर.

हाच केसपेपर आता राज्यभर कागदावरून संगणकात जाऊ लागला आहे. सी-डॅक या सरकारी संस्थेने बनवलेली ‘ई-सुश्रुत’ नावाची पद्धत राज्याच्या आरोग्य खात्याने रुग्णालयांसाठी घेतली आहे. हेतू चांगला आहे. कागद भिजतो, उंदीर खातो, सुनेच्या माहेरी राहतो. संगणकातला केसपेपर वर्षाने उघडला तरी तसाच निघतो.

पण ज्यांनी वीस वर्षे हाताने लिहिले त्या डॉक्टरांना ही नवी विद्या एका दिवसात येत नाही. बैलजोडीवर वाढलेल्या माणसाला ट्रॅक्टरवर बसवले तर पहिला हंगाम तास वाकडेच जायचे. बाहेर रांग दारापर्यंत, एकेकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे, त्यात औषधाचे पहिले अक्षर टाइप केले की पडद्यावर दहा नावांची यादी उघडते. घाईत बोट एक ओळ खाली पडले की दुसरेच औषध लिहिले जाते. मागच्या भेटीची नोंद जशीच्या तशी पुढे ओढली जाते. एकाच नाव-आडनावाच्या दोन रोग्यांपैकी भलत्याचाच केसपेपर उघडतो. यात कोणाची हयगय असतेच असे नाही. नवे अवजार हातात बसेपर्यंत असे होते.

याची किंमत केवढी असू शकते ते अमेरिकेतल्या एका उदाहरणावरून कळेल. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात २००२ सालच्या ऑक्टोबरात संगणकावर औषधोपचार लिहिण्याची पद्धत अवघ्या सहा दिवसांत सगळीकडे सुरू केली. तिथल्याच डॉक्टरांनी पुढे इतर रुग्णालयांतून पाठवलेल्या १,९४२ मुलांचा हिशेब तपासून २००५ साली छापला. आधी अशा मुलांतली शेकडा २.८० दगावत होती, पद्धत आल्यावरच्या पाच महिन्यांत शेकडा ६.५७ दगावली. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधांची तयारी होई. आता मूल दारात येऊन त्याचे नाव संगणकात चढेपर्यंत काहीच लिहिता येईना. पण सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयात त्याच कंपनीची पद्धत आधी नीट तयारी करून बसवली, तिथे मृत्यू वाढले नाहीत. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. शिकायला सवड किती दिली, त्यावर सारे होते. आणि बाहेरगावाहून पाठवलेले रोगीच त्यात सापडले, हे मुरबाड-शहापूरच्या माणसांनी विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्याकडेही एक धडा मिळाला आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासह सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत बरीच वर्षे चाललेली संगणकपद्धत कंपनीशी करार संपल्यामुळे २०२२ साली बंद पडली. डॉक्टर पुन्हा कागदावर आले आणि नंतर त्यांना दुसरी पद्धत पहिल्यापासून शिकावी लागली. तेव्हा संगणक आला म्हणून घरचे कागद चुलीत घालू नयेत.

मग आपण काय करायचे? शेतकऱ्याला याचे उत्तर माहीत आहे. सातबारा संगणकावर चढला तेव्हा कुठे नाव चुकले, कुठे क्षेत्र चुकले. त्यासाठी २०१७ साली गावोगावी चावडीवाचन झाले. ज्याची जमीन त्याने ऐकायचे आणि चूक तिथेच सांगायची. तीच रीत दवाखान्यात चालवावी. उठण्याआधी नम्रपणे म्हणावे, ‘डॉक्टरसाहेब, काय लिहिलंत ते एकदा वाचून दाखवता का?’ चार गोष्टी कान देऊन ऐकाव्यात: रोग्याचे नाव आणि वय, आजार, कोणते औषध किती वेळा, आणि कोणते औषध अंगावर उठते. चांगल्या डॉक्टराला याचा राग येत नाही, उलट त्याची चूक वेळेवर सापडते.

दुसरे, नाव नेहमी आधार कार्डावर आहे तसेच सांगावे. एकदा ‘बाळू’ आणि एकदा ‘बाळकृष्ण’ सांगितले की संगणक दोन माणसे धरतो. मोबाइल नंबरही घरातला एकच ठेवावा. तिसरे, ‘आभा’ नावाचा चौदा अंकी आरोग्य क्रमांक फुकट निघतो. आपल्या संमतीने त्याला जुन्या नोंदी जोडता येतात. तो काढणे ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारले तर ऐकून घेऊ नये. चौथे, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे रिपोर्ट, औषधांची रिकामी पाकिटे आणि दुसरीकडे पाठवताना मिळालेली चिठ्ठी ठेवावी. ती पिशवी घरातल्या साऱ्यांना माहीत असावी. विषबाधा असेल तर फवारणीच्या औषधाचा डबा किंवा त्याचे लेबलही सोबत न्यावे.

आणि शेवटचे. डॉक्टर पडद्याकडे बघत असले तरी आपण बोलायचे थांबू नये. त्रास कधीपासून, कुठे, किती, हे आपण सांगितले तरच त्या पडद्यावर उमटणार आहे.