आधी जबडा, मग दात

बेंगळूरच्या इंदिरानगरात काय किंवा पुण्यात काय, दात रोवून देणाऱ्या दवाखान्यांना आज तोटा नाही. परंतु साठी उलटलेल्या माणसाचा प्रश्न पुष्कळदा दाताचा नसून जबड्याचा असतो. दात गेले की त्यांना धरणारे हाड झिजते. वरचा जबडा आत आक्रसतो, खालचा पुढे आल्यासारखा दिसतो, आणि कवळी ठरेनाशी होते.

टायटॅनियमशी हाड एकजीव होते, हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५२ साली सशाच्या हाडात पाहिले आणि १९६५ साली पहिल्या रुग्णास अशा खुंटांवर दात बसविले. हा एकजीवपणा जसा गुण, तशीच ती अडचणही होय. नैसर्गिक दात तारेने हळूहळू सरकविता येतो. हाडात रुजलेला खुंट हलत नाही. सबब सदोष जबड्यात घाईने रोवलेले खुंट पुढील दुरुस्तीची वाट अडवितात.

म्हणून पहिला खुंट रोवण्यापूर्वीच शल्यविशारद व दंतवैद्य यांनी मिळून एकच आराखडा आखला पाहिजे. केवळ वयावरून वृद्धास नाकारणे अन्यायाचे आहे. मधुमेह, तंबाखू व हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे यांची चौकशी मात्र कसोशीने व्हावी. मोठी शस्त्रक्रिया ज्यास झेपणार नाही, त्यास खालच्या जबड्यात दोन खुंटांवर टेकलेली कवळीही पुष्कळ सुख देते. हा साधा पर्यायही रुग्णास सांगणे, हे वैद्याचे कर्तव्यच आहे.