बॅनरवरचा ल



बाबांची पत्रं, जुने फोटो आणि संत्र्याच्या बागेच्या आठवणी एका जागी राहाव्यात म्हणून मी स्वतःची छोटीशी वेबसाइट करायला घेतली. पुण्याच्या भाच्यानं वर लावायचा बॅनर करून पाठवला. मधोमध गड, खाली पैठणीचा काठ, कोपऱ्यात नथ. दिसायला छानच. पण रामाकोन्याला गड कुठला हो? आणि माझ्या आईनं जन्मात पैठणी नेसली नाही.

आपल्यातल्या कितीतरी जणांच्या साइटवर असंच असतं. मराठी म्हटलं की गड आणि नथ. मला हे पटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी, शाळेत हिंदी. नागपूरला शिकायला आले तेव्हा "एमपीचे असून मराठी बरं बोलता" हे ऐकून ऐकून कान किटले. मग आम्हीच गाव सांगायचं टाळू लागलो. बाबा म्हणायचे, "गावाचं नाव सांगाले कायची लाज?"

म्हणून गड काढला. त्याजागी रामाकोना स्टेशनचा फोटो. नागपूर–छिंदवाडा छोट्या लाइनीचा, अडीच फुटी रुळांचा. ती गाडी २०१५च्या अखेरीस बंद झाली. पिवळ्या पाटीखाली बाबा पिशवी घेऊन उभे आहेत. संगणकावर झकास दिसलं. मोबाईलवर दोन्ही बाजू कापल्या गेल्या आणि पाटीवर उरलं 'माको'! तेव्हा महत्त्वाचं ते मध्ये घ्या, आणि नाव चित्रात रंगवू नका, वेगळा मजकूर म्हणून टाका. शोधणाऱ्यालाही सापडतं. अक्षरांत जास्तीची जागाही सोडू नका, शिरोरेघ तुटते. इंग्रजीला शोभतं ते आपल्याला शोभत नाही.

खरा वाद झाला तो खालच्या ओळीवरून. ओळ साधीच: 'मूळ गाव रामाकोना, तालुका सौंसर, मध्य प्रदेश.' ळ, ल, श तिन्ही आले. ळ ठीक होता, पण ल आणि श हिंदी वळणाचे पडले. भाचा म्हणाला, "मावशी, कोण बघतंय?" अरे, मी बघते ना! शाळेत उभ्या दांडीचा ल काढायचा आणि घरी बाबांच्या पत्रात दोन पाकळ्यांचा ल वाचायचा, यातच माझं बालपण गेलं. महाराष्ट्र सरकारनंसुद्धा २००९ साली मराठी वळणाचेच ल आणि श प्रमाण ठरवले. अक्षराचा कोड एकच असतो, वळण फॉन्ट ठरवतो. पानाची भाषा मराठी नेमली आणि दोन्ही वळणं असलेला फॉन्ट घेतला की काम होतं. भाच्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. पण सांगायला मला दोन दिवस लागले, कारण मनात होतंच, एवढ्याशा अक्षरासाठी पोराला कशाला त्रास द्यायचा.

शेवटी त्यानं विचारलं, "जिल्हा छिंदवाडा लिहू की पांढुर्णा?" बाबांच्या सगळ्या कागदांवर छिंदवाडा आहे, २०२३पासून जिल्हा पांढुर्णा. म्हटलं, राहू दे, जिल्हा नकोच. तालुका पुरे.