किल्लारीचा दोष एकट्या दगडावर टाकू नका: दुरुस्तीचा विसरलेला इतिहास

१/
३० सप्टेंबर जवळ आला की दरवर्षी समाजमाध्यमांवर एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. दगडमातीच्या घरांनी माणसे मारली, शासनाने पक्की घरे बांधून दिली आणि प्रश्न मिटला. हा इतिहास सोपा आहे, पाठ होण्याजोगा आहे आणि अर्धवट आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग विसरल्याची किंमत लातूर जिल्ह्यातील घरे आजही मोजत आहेत. हा थ्रेड त्या उरलेल्या भागाविषयी.

२/
प्रथम निर्विवाद गोष्टी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली होती. ६.२ तीव्रतेचा, उथळ केंद्राचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. त्यांपैकी बहुतेक स्वतःच्याच घराखाली.

३/
पण त्या घरांच्या गवंड्याला दोष देण्यापूर्वी तज्ज्ञांचा नकाशा पाहा. १९८४ च्या भारतीय मानकात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या भूकंपक्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या क्षेत्रात आला. जो धोका अभियंत्यांच्या नकाशावरच नव्हता, तो किल्लारीच्या गवंड्याने ओळखायला हवा होता, असे म्हणणे अन्यायाचे आहे.

४/
मग भिंती का कोसळल्या? दोन-अडीच फूट जाडीची भिंत बाहेरून एकसंध दिसे. प्रत्यक्षात त्या दोन भिंती असत: आतला थर, बाहेरचा थर आणि मध्ये दगडगोट्यांचा व मातीचा भराव. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारे लांब दगड क्वचितच घातलेले. जमीन हादरताच थर एकमेकांपासून सुटले, फुगले आणि ढासळले. दगड होताच; दगडाला दगडाशी बांधणारे काही नव्हते.

५/
आता वर पाहा. माळवद उन्हाळ्यात गारवा देते, पण पावसाळ्यात गळते. गळती थांबवण्यासाठी वरचेवर नवी माती घालायची ही रीत. जुनी माती मात्र कोणी उतरवत नसे. हिशेब करा: दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती असेल, तर तिचे वजन सहा-सात टन भरते. पिढ्यान्‌पिढ्यांची डागडुजीच झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर साचली होती.

६/
याच घरांत दुसरी साक्षही आहे. मराठवाड्यातील जुने घर खणांवर मोजले जाते: लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर माळवद. जेथे छपराचा भार खांबांवर होता आणि सांधे शाबूत होते, तेथे भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणे भूकंपानंतरच्या पाहण्यांत नोंदली गेली. म्हणजे परंपरेत दोष होते, तसे गुणही होते. 'दगडी घर म्हणजे मृत्यू' हे सूत्र ही साक्ष पुसून टाकते.

७/
१९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम राबवला गेला. त्यात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. सरळ रस्ते, आखीव भूखंड, एका साच्यातील घरे. छायाचित्रांत हीच गावे दिसतात, म्हणून स्मरणातही तीच राहिली.

८/
परंतु त्याच कार्यक्रमाचा संख्येने कितीतरी मोठा भाग दुरुस्तीचा होता. तेरा जिल्ह्यांत दीड लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती, मजबुतीकरण किंवा जागेवरच पुनर्बांधणी झाली. घरमालकाला हप्त्यांनी अनुदान मिळे; बहुसंख्य घरांसाठी ते १७,००० रुपये होते. साहित्य, गवंडी आणि देखरेख हे सारे घरातल्या माणसांनी पाहायचे. ठेकेदाराने बांधून हाती दिलेले हे घर नव्हते.

९/
या कामाचा कणा होत्या 'संवाद सहायक' स्त्रिया. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने हजाराहून अधिक गावांत त्यांनी अनुदानाचे नियम आणि भूकंपरोधक बांधणीची तत्त्वे घरोघरी पोहोचवली. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासात या स्त्रियांना एक परिच्छेदही मिळू नये, ही आपल्या इतिहासलेखनाची लाजिरवाणी बाब आहे.

१०/
दुरुस्तीने काय शिकवले? माळवदावरची माती उतरवून पातळ थर ठेवा. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे आधार ठोका. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार छिद्र पाडून त्यात सळई व काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही थर जोडले जातील. दारे-खिडक्यांच्या वर घराला सलग पट्टा बांधा. यात गावच्या गवंड्याला आणि सुताराला न येणारे काही नव्हते.

११/
आमचे रेणापूर लातूरच्या उत्तरेला. स्थलांतरित गावे प्रामुख्याने दक्षिणेकडील औसा, निलंगा, उमरगा या भागांतली. त्यामुळे इकडचा प्रश्न नव्या गावाचा नव्हता, उभ्या घराचा होता. येथील जुन्या गल्लीतला माणूस आजही तोच प्रश्न विचारतो: हे घर पाडू, की दुरुस्त करू? आपला प्रचलित इतिहास त्याला एकच उत्तर देतो: पाडा.

१२/
'मग पाडून स्लॅब टाकावा, यात वाईट काय?' आक्षेप रास्त आहे. ज्याला जमेल त्याने नियमानुसार जरूर बांधावे. पण सिमेंट म्हणजे सुरक्षितता नव्हे. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये असताना दूरच्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. आणि जुन्या मातीच्या भिंतींवरच स्लॅब ओतणारे तर माळवदाचीच चूक महाग साहित्यात पुन्हा करतात.

१३/
या विस्मरणाचा सर्वांत कटू पुरावा खुद्द पुनर्वसित गावांत आहे. साच्यातील घरात बैल, कडबा, धान्य आणि चूल यांना जागा नव्हती. लोकांनी हाताने घर वाढवले: पडवी, न्हाणी, आवाराची भिंत. अनेकांनी त्यासाठी जुन्या गावाचा दगड आणि लाकूड आणले. ही वाढीव बांधकामे पुष्कळ ठिकाणी पुन्हा त्याच जुन्या पद्धतीने झाल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे.

१४/
लोक अडाणी म्हणून असे झाले का? मुळीच नाही. जेथे तयार घर दिले, तेथे बांधण्याचे ज्ञान दिले गेले नाही. जेथे दुरुस्ती मालकाच्या हाती सोपवली, तेथे ते ज्ञान निदान उंबरठ्यापर्यंत आले. सुरक्षितता साहित्यात नसते, जोडणीत असते, हा १९९३ चा खरा धडा. आपण त्याच्याऐवजी 'दगड वाईट, सिमेंट चांगले' एवढेच पाठ केले.

१५/
'हा इतिहास नव्हे, गवंडीकाम आहे,' असेही कोणी म्हणेल. मग गढीची तटबंदी आणि बारवेची बांधणी हा इतिहास कसा? राजाने बांधलेली भिंत वारसा आणि शेतकऱ्याने सावरलेली भिंत डागडुजी, ही उतरंड आपणच रचलेली आहे.

१६/
म्हणून एक विनंती. तुमच्या गावात १९९३ नंतर दुरुस्त झालेले घर शोधा. तिरपे आधार, भिंतीवरचा पट्टा, उतरवलेले माळवद यांची छायाचित्रे आणि मोजमापे घ्या. ज्यांनी हे काम केले, त्यांच्याकडून ते ऐकून लिहून ठेवा. ती पिढी आता उतारवयात आहे. आणि घरी दुरुस्ती काढणार असाल, तर रंग आणि फरशीच्या आधी छपराचे वजन आणि भिंतीची बांधणी जाणकार अभियंत्याला दाखवा. पुढचा भूकंप घर जुने की नवे हे पाहणार नाही. ते कसे जोडले आहे, एवढेच पाहील.