दोन कंपन्यांच्या हातातले इंटरनेट

ऑगस्ट २०२५ मध्ये जिओने रोज एक जीबी डेटा देणारा २४९ रुपयांचा प्लॅन आपल्या ऑनलाइन यादीतून काढून टाकला. काही दिवसांतच एअरटेलचाही २४९ रुपयांचा प्लॅन बंद झाला. दरवाढीची घोषणा कोणीच केली नाही. रोज थोडे नेट लागणाऱ्या माणसाची सर्वांत खालची पायरी तेवढी काढून घेतली गेली आणि त्याचा रिचार्ज आपोआप तीनशेच्या घरात गेला. या दोन कंपन्यांनी आधी आपसात बोलून हे केले असे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि माझा मुद्दाही तो नाही. बाजारात दोनच मोठे विक्रेते उरले की आपसात बोलावे लागतच नाही. एकाने पाऊल उचलले की ग्राहक कुठे जातो एवढेच दुसरा पाहतो. ग्राहक फारसा कुठे जात नाही, कारण जायला धड जागा नसते.

इंटरनेट सर्वांना सारखे मिळावे यासाठी आपल्याकडे मोठी लढाई झाली ती २०१५ आणि २०१६ साली. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच तो बेत मागे घेतला. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने या विषयावर चर्चापत्र काढले, तेव्हा दहा लाखांहून अधिक ई-मेल त्यांच्याकडे गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'एअरटेल झिरो' आले. जी कंपनी पैसे भरेल तिचे अ‍ॅप ग्राहकाला फुकट चालेल, अशी ती योजना होती. लोकांचा रोष पाहून फ्लिपकार्टने त्यातून अंग काढून घेतले. पुढे फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने 'फ्री बेसिक्स' आणले. गरिबाला मोजक्या वेबसाइट फुकट मिळणार होत्या, पण त्या कोणत्या अटींवर निवडायच्या हे फेसबुक ठरवणार होते. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने या सगळ्यावर पडदा टाकला. तुम्ही कोणती वेबसाइट किंवा अ‍ॅप उघडता यावरून डेटाचा दर कमी-जास्त करता येणार नाही, केल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड, असा नियम झाला. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने एखादी वेबसाइट अडवणे, तिचा वेग मुद्दाम कमी करणे किंवा पैसे घेऊन दुसरीला पुढे काढणे यांवर परवान्याच्या अटींतूनच बंदी घातली. नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे सगळ्या वेबसाइटना सारखे वागवण्याचे, इतके स्पष्ट नियम तेव्हा फार थोड्या देशांत होते. तो विजय खरा होता.

पण तो नियम एका विशिष्ट बाजारासाठी लिहिलेला होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये एअरटेल, व्होडाफोन, आयडिया, रिलायन्स कम्युनिकेशन्स, एअरसेल, टाटा डोकोमो, टेलिनॉर, एमटीएस, बीएसएनएल आणि एमटीएनएल अशा कंपन्यांचे सिम कार्ड देशात कुठे ना कुठे विकले जात होते. तालुक्याच्या गावातल्या मोबाइलच्या दुकानावर पाच-सहा कंपन्यांचे फलक शेजारी शेजारी लागलेले असत. नियमाने कंपन्यांना भेदभाव करू दिला नाही आणि स्पर्धेने त्यांना माजू दिले नाही. हे दोन्ही आधार एकत्र होते, म्हणून तो नियम पुरेसा वाटला.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत तिने डेटा फुकट वाटला. एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. जिओ अजून बाजारात प्रबळ नाही, म्हणून तिने दर पाडले तरी तो गैरवापर ठरत नाही, असे सांगून आयोगाने जून २०१७ मध्ये ती फेटाळली. त्या वेळच्या आकड्यांवर तो निर्णय कायद्याला धरून होता. मात्र अफाट भांडवल असलेली कंपनी प्रबळ होण्याच्या वाटेवर असताना काय करायचे, याचे उत्तर आपल्या कायद्याकडे नव्हते. पाहता पाहता रिलायन्स कम्युनिकेशन्सचा मोबाइल व्यवसाय बंद पडला, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टेलिनॉर आणि टाटांचे ग्राहक एअरटेलकडे आले, ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या महसुलाची व्याख्या सरकारच्या बाजूने लावली आणि जुन्या थकबाकीचा डोंगर व्होडाफोन आयडियाच्या डोक्यावर आला. आज त्या कंपनीत सरकारचाच सुमारे ४९ टक्के वाटा आहे. एमटीएनएलची बँकांची कर्जे थकली. देशातल्या मोबाइल ग्राहकांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश आता जिओ आणि एअरटेल या दोघांकडे आहेत.

यावर नेहमीचे उत्तर असते की डेटा तर स्वस्त झाला! झाला, आणि हे मान्य केलेच पाहिजे. २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २७० रुपयांच्या आसपास पडत, ते दहा रुपयांच्या खाली आले. भाजीवाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड लागला, खेड्यातली मुले स्पर्धा परीक्षेची व्याख्याने मोबाइलवर ऐकू लागली, ते याच स्वस्ताईमुळे. पण हा भाव बहुतेक सगळा स्पर्धेच्या काळात पडला. स्पर्धा आटल्यावर डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ अशा तीनदा दर चढले, आणि तिन्ही वेळा खासगी कंपन्यांचे दर थोड्याच दिवसांच्या फरकाने वाढले. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा प्लॅन २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. एका ग्राहकामागे महिन्याची सरासरी कमाई ३०० रुपयांपर्यंत जायला हवी, असे एअरटेलने वेळोवेळी उघडपणे सांगितले आहे. शिवाय एका जीबीचा दर हे अर्धेच चित्र आहे. ज्याला महिन्याला पाच जीबी पुरतात, त्याला बेचाळीस जीबी घ्यायला लावले तर प्रत्येक जीबी स्वस्त दिसतो आणि त्याचा खिसा मात्र जास्त रिकामा होतो.

आपल्याकडच्या डेटा मर्यादेची रचना नीट पाहिली पाहिजे. बहुतेक प्लॅनमध्ये रोजचा दीड जीबी रात्री बारा वाजता संपतो, उरलेला दुसऱ्या दिवशी मिळत नाही. जी मुलगी आठवडाभर तीनशे-चारशे एमबी वापरते आणि रविवारी तिला अभ्यासक्रमाचे मोठे व्हिडिओ किंवा एखादे सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचे असते, तिला त्या दिवशी वेगळे पॅक मारावे लागते, नाहीतर वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि साधे पानही उघडत नाही. तिने पैसे भरलेले कित्येक जीबी तोपर्यंत वाया गेलेले असतात. महिना २८ दिवसांचा धरल्याने वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. याविरुद्ध इतक्या तक्रारी आल्या की ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा किमान एक-एक प्लॅन ठेवा, असा आदेश ट्रायला २०२२ मध्ये काढावा लागला. ज्यांना नेट नकोच, फक्त बोलायचे आहे, त्यांच्यासाठी वेगळा प्लॅन ठेवण्याची सक्ती डिसेंबर २०२४ मध्ये करावी लागली. निरोगी बाजारात अशा साध्या गोष्टी नियामकाला सांगाव्या लागत नाहीत.

मर्यादा नेटवर्कवरचा ताण सांभाळण्यासाठी असते, असे सांगितले जाते. ताण येतो तो संध्याकाळी सात ते अकराच्या सुमारास, एका टॉवरवर सगळे एकदम आल्याने. दिवसाची बेरीज मोजून तो कमी होत नाही. व्होडाफोन आयडियाच्या काही प्लॅनमध्ये रात्री बारा ते सकाळी सहा डेटा मोजलाच जात नाही, ते याच कारणाने. अमेरिकेत कॉमकास्टने मार्च २०२०च्या टाळेबंदीत घरगुती इंटरनेटची मर्यादा काही महिने उठवली आणि नेटवर्क टिकून राहिले. जुलै २०२० मध्ये मर्यादा परत आली. ती खऱ्या अर्थाने सैल झाली ती २०२५ मध्ये, फायबर आणि घरगुती ५जी देणाऱ्या कंपन्या ग्राहक ओढू लागल्यावर. त्याच वर्षी २ जानेवारीला तिथल्या एका अपील न्यायालयाने नेट न्यूट्रॅलिटीचे केंद्रीय नियम रद्द केले होते. नियम गेला असताना ग्राहकाला जे मिळाले, ते स्पर्धेमुळे मिळाले. यावरून नियम नको असा निष्कर्ष मी काढत नाही. पर्याय नसेल तर नियमाचे दात बोथट होतात, एवढे त्यातून दिसते.

आपला नियम आज कुठून गळतो आहे, हे पाहणे जास्त तातडीचे आहे. एका अ‍ॅपला फुकट डेटा देणे बेकायदा आहे, पण रिचार्जसोबत अ‍ॅपचे सदस्यत्वच फुकट देणे बेकायदा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे मनोरंजन व्यवसाय एकत्र आले, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले, आणि मार्चमध्ये आयपीएलच्या तोंडावर जिओच्या २९९ रुपयांच्या आणि त्यावरच्या रिचार्जवर ते फुकट मिळू लागले. नेट पुरवणारा, सामना दाखवणारा आणि रिचार्ज घेणारा एकाच घरातला. त्याच वर्षी जुलैमध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय कंपनीची वर्षभराची सशुल्क सेवा फुकट दिली, ऑक्टोबरअखेर जिओने गुगलचे जेमिनी दीड वर्षासाठी देऊ केले. उद्या लोक प्रश्न कोणत्या यंत्राला विचारणार, बातमी आणि औषधाची माहिती कुठून घेणार, हे त्यांच्या सिम कार्डावर ठरू लागले आहे. फ्री बेसिक्सला आपण नेमके याच कारणासाठी विरोध केला होता. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या छोट्या कंपनीने मराठीत चांगली सेवा बनवली, तर ती कोट्यवधींच्या रिचार्जमध्ये कशी शिरणार?

दुसरी फट नियमातच आहे. सार्वजनिक इंटरनेटला हात न लावता, कंपनीच्या बंदिस्त नेटवर्कमधून दिलेल्या सेवेला २०१६चा नियम लागू नाही. नियम चुकवण्यासाठी ही सवलत वापरू नये असे त्यातच म्हटले आहे, पण कंपनीचा हेतू सिद्ध कोणी करायचा?

तिसरी वाट वेगाची. जुलै २०२० मध्ये एअरटेलने महागड्या पोस्टपेड ग्राहकांना नेटवर्कवर प्राधान्य देण्याची योजना आणली, व्होडाफोन आयडियाची तशीच योजना आधीपासून चालू होती. जास्त भरणाऱ्याला पुढे काढले तर त्याच टॉवरवरच्या बाकीच्यांचे काय होणार, असे विचारून ट्रायने दोन्ही थांबवायला सांगितल्या. ते योग्यच झाले. ५जीमध्ये मात्र एकाच नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे पाडणे तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे. हा प्रश्न पुन्हा येणार, आणि पुढच्या वेळी तो फॅक्टरी, रुग्णालय अशा चांगल्या कारणांआडून येईल.

कंपन्यांची संघटना सीओएआय आणखी एक मागणी लावून धरते: यूट्यूब, नेटफ्लिक्ससारख्या जास्त डेटा वाहणाऱ्या सेवांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण तो डेटा ग्राहकाने मागवलेला असतो आणि त्याचे पैसे त्याने रिचार्जमध्ये आधीच दिलेले असतात. दक्षिण कोरियाने हा प्रयोग करून पाहिला आहे. तिथला नेटवर्कचा खर्च इतर बहुतेक देशांच्या दहापट आहे, असे सांगून ट्विच ही थेट व्हिडिओ प्रक्षेपण करणारी कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथून बाहेर पडली. गुगल असा खर्च पेलेल. मराठी पॉडकास्ट चालवणारी मंडळी पेलणार नाहीत.

स्पर्धेत अजून धुगधुगी आहे याचा पुरावाही आपल्यासमोर आहे. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर ऑगस्टमध्ये तिन्ही खासगी कंपन्यांचे ग्राहक लाखांनी घटले आणि बीएसएनएलचे सुमारे २५ लाखांनी वाढले, तेही तिच्याकडे देशभर ४जी नसताना. लोकांनी रेंजचा त्रास पत्करून नंबर पोर्ट केले. नोव्हेंबरपासून तो ओघ उलटा फिरला, कारण त्रास फार दिवस सोसवत नाही. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचे राष्ट्रीय उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले, जिओनंतर नऊ वर्षांनी. ही दिरंगाई सरकारची आहे आणि तिची किंमत प्रत्येक रिचार्जमध्ये आपण भरतो. उपग्रह इंटरनेटमधून नवा स्पर्धक येईल ही आशाही जपून धरावी. मार्च २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनीही स्टारलिंकच्या मालकांशी करार केले आहेत.

करता येण्यासारखे बरेच आहे. नेट न्यूट्रॅलिटी आज परवान्याच्या अटींत आणि ट्रायच्या विनियमात आहे. २०२३च्या दूरसंचार कायद्यात तिचे स्वतंत्र कलम नाही, ते संसदेने घातले पाहिजे. कंपन्या वाहतुकीत ढवळाढवळ करतात का हे पाहायला बहुपक्षीय संस्था असावी, अशी शिफारस ट्रायने सप्टेंबर २०२० मध्ये केली होती. ती संस्था काम करताना दिसली पाहिजे. रोजचा उरलेला डेटा प्लॅनची मुदत संपेपर्यंत वापरता येणे सक्तीचे करावे. नेट पुरवणाऱ्या कंपनीने स्वतःची मनोरंजन किंवा एआय सेवा रिचार्जला जोडली, तर त्याच अटींवर प्रतिस्पर्ध्यालाही तिथे जागा मिळाली पाहिजे. भारतनेट आणि महानेटसाठी ग्रामपंचायतींपर्यंत टाकलेली फायबर सरकारी पैशांची आहे. ती गावातल्या केबलवाल्यांना आणि छोट्या इंटरनेट पुरवठादारांना सारख्या आणि जाहीर दराने मिळावी. शहरातल्या सोसायट्यांनी बिल्डरने आणलेल्या एकाच कंपनीची वायर स्वीकारू नये. सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या, दुसऱ्या कंपनीला आत येऊ द्या.

ट्रायची चर्चापत्रे सर्वांसाठी खुली असतात आणि कोणीही त्यावर लेखी मत देऊ शकतो. टेलिकॉम कंपन्या प्रत्येक पत्राला वकिलांकरवी सविस्तर उत्तर देतात. २०१५ मध्ये दहा लाख सामान्य माणसांनीही उत्तर दिले, म्हणून नियम झाला. ग्राहक पंचायतींनी, महाविद्यालयांनी, ग्रामसभांनी दर, डेटा मर्यादा आणि रिचार्जला जोडलेल्या सेवा यांवरच्या पुढच्या चर्चापत्राची वाट पाहत न बसता आताच ट्रायला आणि आपल्या खासदाराला लिहावे. तिसरी कंपनी बंद पडल्यावर लिहून उपयोग होणार नाही.