ओस पडलेल्या वाड्यांचा जाब

पावसाळा लागला की शहरांतील तरुण मंडळी सह्याद्रीची वाट धरतात. यात गैर काहीच नाही. आठवडाभर कारखान्यात वा कचेरीत राबणाऱ्या माणसाला मोकळ्या हवेचा हक्क आहे आणि श्रमिकाला विश्रांती मिळावी यासाठी कामगार चळवळीने मोठे लढे दिले आहेत. परंतु धबधब्याच्या वर, धुक्यात उभ्या असलेल्या पडक्या भिंतींची एखादी निर्जन वाडी हे आता अशा भटकंतीचे खास आकर्षण ठरू लागले आहे. भिंतींचे सौंदर्य पाहणाऱ्याने तेथील माणसे कोठे गेली, हेही विचारले पाहिजे.

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही इर्शाळगडाच्या कुशीतील ठाकर आदिवासींची वस्ती. गडाकडे जाणारे गिर्यारोहक या वाडीतूनच पुढे जात. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वाडीवर दरड कोसळली. २२८ रहिवाशांपैकी २७ जणांचे मृतदेह हाती लागले. ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. वाडीला मोटाररस्ता नव्हता. माती उपसणारी अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. जवानांनी, स्थानिकांनी आणि गिर्यारोहकांनी कुदळ-फावडी घेऊन चिखल उपसला. या तरुणांच्या माणुसकीला मुजरा केलाच पाहिजे. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून फार दूर नसलेल्या वस्तीला स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनीही रस्ता का मिळाला नाही, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने त्या वेळी सांगितले. हा खुलासा मानावयाचा की कबुली? आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले आणि १५१ माणसे दगावली. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक बळी गेले. एवढे होऊनही डोंगरावरील वाड्यांची पाहणी अपुरीच राहिली. माळीणच्या वाचलेल्यांना आमडे येथे नवी घरे २०१७ साली मिळाली. इर्शाळवाडीचे वाचलेले लोक आधी कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत राहिले आणि त्यांच्या कायम वसाहतीचे काम सिडकोकडे देण्यात आले. घरे दिली हे योग्यच झाले. पण पुनर्वसनाला पात्र ठरण्यासाठी आधी गाव गाडले जावे लागते, ही रीत कोणत्याही लोकशाहीला शोभणारी नाही.

आदिवासी डोंगर सोडावयास तयार नसतात, असे वर तोंड करून सांगितले जाते. त्यांनी सोडावा तरी कशाच्या भरवशावर? त्यांची नाचणी-वरई उतारावर पिकते, सरपण आणि गुरांचा चारा रानात आहे. पायथ्याची जमीन एकतर वनखात्याची, नाहीतर मालकाची. घराला चार भिंती देऊन पोटाची जमीन न देणारे पुनर्वसन म्हणजे शेतकऱ्याला मजूर बनविणे होय.

याचा अर्थ समजून घ्यावयाचा तर पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला यावे. झाई हे तलासरी तालुक्याचे, गुजरातच्या हद्दीला टेकलेले किनाऱ्यावरील गाव. सहलीला येणारे शेजारच्या बोर्डीच्या किनाऱ्यावर रमतात, किंवा जव्हारकडे दाभोसाच्या धबधब्याला जातात. डहाणू-तलासरीच्या आतील भागात मात्र भातकापणी संपली की कित्येक पाड्यांत म्हातारी माणसेच मागे राहतात. बाकीचे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, गुजरातच्या कारखान्यांत आणि मासेमारीच्या बोटींवर गेलेले असतात. येथे दरड कोसळत नाही. हाताला काम नसल्याने गाव दरवर्षी रिकामे होते. १९४५ साली याच तलासरीतील झरी येथे वारली शेतकऱ्यांनी किसान सभेच्या झेंड्याखाली वेठबिगारीविरुद्ध निर्धार केला. त्यांनी वेठ मोडली. त्यांच्या नातवंडांना मात्र उचल घेऊन भट्टीवर जावे लागते, ही राज्यकर्त्यांनी लाजेने मान खाली घालावी अशी गोष्ट आहे.

मागण्या स्पष्ट आहेत. डोंगर-उतारावरील प्रत्येक वाडीची पाहणी पावसाळ्यापूर्वी व्हावी, आणि यादीत नाव घालताना ग्रामसभेची साक्ष भूगर्भतज्ज्ञाच्या अहवालाइतकीच मानावी. भिंतीला भेग पडली, झऱ्याचे पाणी गढूळ झाले, हे तेथे राहणाऱ्याला आधी कळते. ज्या वाडीला हलावयाचे, तिला घराबरोबर कसण्यास जमीन आणि जुन्या रानावरचा हक्क मिळावा. ज्या वाडीला तेथेच राहावयाचे, तिला रस्ता मिळावा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार ग्रामसभेच्या शिफारशीने रस्ता, शाळा, दवाखाना अशा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. तेव्हा जंगलाचे निमित्त पुढे करण्यास जागा नाही. आणि पाड्यावरच वर्षभर काम मिळावे. रोजगार हमीचा कायदा या राज्याने १९७७ सालीच करून देशाला वाट दाखविली होती.

कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या तालुक्यातील अशा वाड्यांत जावे, ग्रामसभा भरवाव्यात आणि तेथील ठराव तहसीलदाराच्या टेबलावर ठेवावेत. डोंगर चढणाऱ्या तरुणांनाही या कामात बरोबर घ्यावे. त्यांच्या पायांना त्या वाटा ठाऊक आहेत आणि इर्शाळवाडीच्या चिखलात त्यांनी आपली माणुसकी दाखविली आहे. माणसे जिवंत असतानाच ती उपयोगी पडावी.